सस्कॅचेवानची होमस्टेड फाइल मागवली: एका इंग्लिश शेतकऱ्याचं आयुष्य आणि मरण कागदांवर वाचण्याचा अनुभव

सरळच सांगते, कॅनडात आल्यापासून पैसे मोजून घेतलेल्या सेवांमध्ये मला सगळ्यात मोलाची वाटलेली सेवा म्हणजे प्रोव्हिन्शियल आर्काइव्ह्ज ऑफ सस्कॅचेवानकडून, म्हणजे सस्कॅचेवान प्रांताच्या जुन्या कागदपत्रांच्या सरकारी संग्रहाकडून, जुन्या होमस्टेड फाइलची कॉपी मागवणं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इंग्लंडमधून इथे प्रेअरीवर, म्हणजे सपाट गवताळ प्रदेशात, शेती करायला आलेल्या एका माणसाची फाइल मी मागवली होती. त्याचं नाव देत नाही कारण त्याची नातवंडं-पतवंडं अजून याच भागात आहेत आणि त्यांना न विचारता नाव लिहिणं मला बरोबर वाटत नाही. पण त्या फाइलीत आणि मग तिच्यावरून सापडत गेलेल्या बाकीच्या कागदांत त्या माणसाचं जहाजावर चढण्यापासून मातीत जाण्यापर्यंत इतकं काही आहे की रिव्ह्यू लिहिल्याशिवाय राहवेना.

आम्ही सस्कटूनला राहतो. शहराबाहेर ग्रॅव्हल रोडच्या कडेला जुन्या छोट्या दफनभूमी बऱ्याच आहेत, त्यातल्या एकीत त्याचा दगड आहे, त्यावर नाव, इंग्लंडमधल्या काउंटीचं नाव आणि दोन सालं, बास. तो दगड बघून मला प्रश्न पडला की हा माणूस इतक्या लांब येऊन इथे नक्की करत काय होता.

आधी होमस्टेड म्हणजे काय ते सांगते, त्याशिवाय फाइलची किंमत कळणार नाही. १८७२ च्या डोमिनियन लँड्स अ‍ॅक्टनुसार १० डॉलर फी भरली की १६० एकर जमीन नावावर नोंदवता यायची, पण ती लगेच तुमची व्हायची नाही. तीन वर्षं, दर वर्षी निदान सहा महिने तिथे राहायचं, राहण्याजोगं घर बांधायचं, ठरलेली एकरं नांगरून त्यात पेरणी करायची, आणि मग अर्ज करून सगळं शपथेवर सांगायचं की हो मी हे केलं, तेव्हा कुठे पेटंट म्हणजे मालकीचा कागद मिळायचा. इंग्लंडमध्ये दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या किंवा दुकानात नोकरी करणाऱ्या माणसाला १६० एकर स्वतःची जमीन हे स्वप्नातही शक्य नव्हतं, त्यामुळे लोक का आले ते समजतं. पण किती जणांना जमलं नाही तेही सांगायला हवं, साधारण दहातल्या चौघांना पेटंटपर्यंत पोचताच आलं नाही असा इतिहासकारांचा अंदाज आहे. हे मी मुद्दाम आधी सांगतेय कारण या सेवेची खरी ताकद नेमकी तिथेच आहे.

आपल्याकडे सातबारा बघितला की जमीन कोणाची ते कळतं, होमस्टेड फाइल त्याच्या पुढे जाते, ती जमीन त्याची कशी झाली, कोणत्या वर्षी किती एकर, कोणाच्या साक्षीने, हे सगळं तिच्यात असतं.

शोधायचं कसं ते सांगते. सस्कॅचेवान होमस्टेड इंडेक्स म्हणून एक ऑनलाइन इंडेक्स आहे, सस्कॅचेवान जिनिऑलॉजिकल सोसायटीने बनवलेला, त्यात सुमारे ३,६०,००० नोंदी आहेत आणि शोधायला पैसे लागत नाहीत. आडनावाने शोधा नाहीतर जमिनीच्या पत्त्यावरून. हा जमिनीचा पत्ता नवख्या माणसाला घाबरवतो पण एकदा कळला की एकदम सोपा आहे. सगळी प्रेअरी सहा मैल बाय सहा मैलांच्या टाउनशिपमध्ये कापलेली, एका टाउनशिपमध्ये ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकरांचा आणि त्याचा पाव भाग म्हणजे क्वार्टर, तेच आपले १६० एकर. नमुन्यादाखल एनई-१२-४०-५-डब्ल्यू३ असं लिहिलेलं दिसलं तर तो सेक्शन १२ चा ईशान्य क्वार्टर, टाउनशिप ४०, रेंज ५, तिसऱ्या मेरिडियनच्या (मोजणीसाठी धरलेल्या उभ्या रेषेच्या) पश्चिमेला. होमस्टेडसाठी मुख्यतः सम नंबरचे सेक्शन असायचे, विषम बरेचसे रेल्वे कंपन्यांना दिलेले, ११ आणि २९ शाळांसाठी राखलेले, ८ आणि २६ चा बराचसा भाग हडसन बे या जुन्या व्यापारी कंपनीचा. हे माहीत असलं की चुकीचा नंबर लिहिलेला लगेच ओळखू येतो.

आता मुख्य मुद्दा. लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडाचाही एक फ्री डेटाबेस आहे, पश्चिम कॅनडातल्या १८७० ते १९३० च्या लँड ग्रँटचा, आणि बरेच जण तिथे नाव शोधतात, सापडलं नाही की समजतात माणूस इथे आलाच नव्हता. पण त्यात फक्त पेटंट मिळालेले लोक आहेत. ज्याने अर्ज केला, एक हिवाळा काढला आणि सोडून गेला तो त्यात येणारच नाही. सस्कॅचेवानच्या इंडेक्समध्ये मात्र हरलेली माणसंही आहेत, आणि फाइल माणसाची नसून त्या क्वार्टरची असते, म्हणजे तुमच्या माणसाच्या आधी त्याच जमिनीवर कोणी अर्ज केला असेल तर त्याचेही कागद त्याच पुडक्यात मिळतात.

माझ्या फाइलीत तसंच झालं. पहिले काही कागद आमच्या शेतकऱ्याचे नव्हतेच, त्याच्या आधी एकाने तीच जमीन नोंदवली होती. होमस्टेड इन्स्पेक्टरचा रिपोर्ट आहे की जागेवर कोणी राहत नाही, घर नाही, थोडीशी नांगरट दिसते. मग त्या पहिल्या माणसाचं छोटं पत्र, की मी जमीन सोडतो. का सोडतो ते लिहिलेलं नाही. मी ते पत्र कितीतरी वेळ बघत बसले होते, खरं सांगायचं तर आमच्या माणसापेक्षा त्या क्षणी मला याच्याबद्दलच जास्त वाटलं. कुठून आला, काय झालं, पुढे कुठे गेला, आणि त्याचं जे काही उरलं ते दुसऱ्याच्या फाइलीत.

मग आमचा माणूस. एन्ट्रीच्या अर्जावर जन्मस्थान, आधी कुठे राहत होता, आधी काय काम करायचा, कुटुंबात किती जण, हे विचारलेलं असतं. आधीचं काम: किराणा दुकानात असिस्टंट. कुटुंबात: एकटा. म्हणजे ज्याने आयुष्यात बहुतेक नांगराला हात लावला नसेल असा तरुण. त्या काळात इथल्या नोकरीच्या जाहिरातींत 'इंग्लिश माणसांनी अर्ज करू नये' असं छापून यायचं, इतकं नाव खराब झालं होतं, इंग्लिश म्हणजे शहरी, शेतीतलं काही येत नाही, वर आमच्याकडे असं करतात म्हणून शिकवतात, अशी तक्रार असायची. १८९६ ते १९०५ या काळात इमिग्रेशनचं खातं सांभाळणारा मंत्री क्लिफर्ड सिफ्टन, त्यालाही मेंढीच्या कातड्याचा कोट घातलेला दणकट शेतकरी हवा होता, शहरातला कारकून नको होता. तरीही इंग्लिश लोक हजारोंनी आले.

यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट बार कॉलनी नावाच्या इंग्लिश वसाहतीची. ३१ मार्च १९०३ ला लिव्हरपूलहून लेक मॅनिटोबा नावाच्या जहाजाने जवळजवळ दोन हजार इंग्लिश लोक निघाले, जहाज इतक्या माणसांसाठी नव्हतंच, खच्चून भरलेलं. एप्रिलमध्ये न्यू ब्रन्सविकच्या सेंट जॉनला उतरले, तिथून रेल्वेने सस्कटूनपर्यंत, आणि पुढचे जवळपास ३०० किलोमीटर बैलगाड्या-घोडागाड्यांनी, आणि या लोकांतल्या कित्येकांनी आधी बैल जुंपलेलाही नव्हता. ज्याच्या भरवशावर आले त्या आयझॅक बार यांच्यावर लोक इतके भडकले की त्यांना बाजूला व्हावं लागलं आणि जॉर्ज एक्स्टन लॉइड यांच्याकडे सूत्रं गेली, गावाचं नाव लॉइडमिन्स्टर पडलं ते त्यांच्यावरून. आमचा माणूस त्या जहाजावर नव्हता, काही वर्षांनी आला, पण त्याला पण असंच सगळं शून्यापासून शिकावं लागलं असणार.

जहाजांच्या याद्या लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडाच्या साइटवर १८६५ ते १९२२ पर्यंतच्या फ्री आहेत. आणखी एक सांगते, तुमचा माणूस लहान वयात एकटाच आलेला दिसला तर त्याच साइटवर होम चिल्ड्रनचा डेटाबेस नक्की बघा. १८६९ ते १९४८ या काळात ब्रिटनमधून एक लाखावर अनाथ आणि गरीब मुलं कॅनडात पाठवली गेली, बहुतेक शेतावर राबायला, आणि त्यातली काही पुढे इथेच शेतकरी झाली. बऱ्याच घरांत हे लपवून ठेवलेलं असतं त्यामुळे डेटाबेस बघेपर्यंत कुटुंबालाच माहीत नसतं.

परत फाइलकडे येते. फाइलचा गाभा म्हणजे पेटंटचा अर्ज. छापील प्रश्न आणि शाईने लिहिलेली उत्तरं. तिथे राहायला कधी आलात, घर केव्हा बांधलं, घराचं माप काय, किंमत किती, गोठा आहे का, विहीर आहे का, कुंपण किती. आणि मग तो तक्ता, वर्षवार, किती एकर नांगरली, किती पेरली, किती गुरं, किती घोडे. पहिल्या वर्षाच्या रांगेत नांगरलेली एकरं अगदी मोजकी, पेरलेलं शून्य, जनावरं शून्य. दुसऱ्या वर्षी बैलांची जोडी. प्रेअरीचं ते गवत, त्याची मुळं खाली इतकी घट्ट विणलेली असतात की पहिल्यांदा नांगर घालणं म्हणजे जमीन अक्षरशः कापून उलटवणं, म्हणून तो आकडा छोटा असला तरी त्यामागे काय आहे ते डोळ्यासमोर आलं. मग हळूहळू आकडे वाढत जातात, शेवटच्या रांगेत घोडे आहेत. चार-पाच ओळींचा तक्ता, पण वाचताना माणूस मोठा होताना दिसतो.

एक प्रश्न असा असतो की जागेवर कधी कधी नव्हतात आणि का. त्याचं उत्तर: हिवाळ्यात रेल्वेच्या कामावर. म्हणजे सहा महिने जमिनीवर आणि उरलेले सहा महिने बियाण्याचे आणि पिठाचे पैसे कमवायला दुसरीकडे. सरकारने जमीन फुकट दिली असं जे सारखं म्हटलं जातं ते हा एक कागद वाचला की म्हणवत नाही.

घराच्या रकान्यात सॉड लिहिलंय, म्हणजे मुळांसकट कापलेल्या मातीच्या पट्ट्या विटांसारख्या रचून बांधलेलं घर, कारण इथे दक्षिणेकडे लाकूड फारसं मिळत नाही. असं घर कसं दिसायचं हे बघायचं असेल तर किंडर्स्लीजवळ अ‍ॅडिसन सॉड हाऊस आहे, ते जेम्स अ‍ॅडिसन या इंग्लंडहून आलेल्या शेतकऱ्यानेच १९०९ ते १९११ मध्ये बांधलं, अजून उभं आहे आणि राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. बहुतेकांची सॉड घरं काही वर्षांत पावसाने विरघळून मातीत गेली, आमच्या माणसाचंही काही उरलेलं नाही, तिथे आता कॅनोला हे तेलबियांचं पीक असतं.

आणि मग शेजाऱ्यांच्या साक्षी. दोन शेजाऱ्यांनी शपथेवर सांगायचं की हो, हा इथे राहतो, एवढी जमीन याने केली. आमच्या माणसाचा एक साक्षीदार इंग्लिशच आहे, आणि दुसरा पूर्व युरोपातल्या गॅलिसियामधून आलेला, ज्याने सहीच्या जागी फुली मारलीय आणि कारकुनाने शेजारी त्याचं नाव लिहिलंय. ज्याला स्वतःचं नाव इंग्रजीत लिहिता येत नव्हतं त्याच्या शब्दावर एका इंग्लिश माणसाला साम्राज्याची जमीन मिळाली. सगळ्या फाइलीत मला सगळ्यात जास्त आवडलेला कागद हाच.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी कारण फाइल ती सांगत नाही. सगळ्या कागदांत जमीन रिकामी, मोकळी अशीच आहे. ती रिकामी नव्हती. १८७६ ची ट्रीटी ६ म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांशी केलेला करार या भागाचा, क्री आणि इतर मूळ लोकांना रिझर्व्हवर म्हणजे त्यांच्यासाठी राखलेल्या छोट्या जागांवर ढकलून मग हे चौकोन आखले गेले. फाइल वाचताना हे डोक्यात ठेवून वाचा एवढंच म्हणेन.

आणि बायका. या फाइलमध्ये बाई दिसणं कठीण, कारण कायद्याने होमस्टेड पुरुषाला, १८ वर्षांपुढच्या कोणालाही, पण बाईला मात्र ती एकटी कुटुंबप्रमुख असेल तरच, म्हणजे बहुतेक वेळा विधवा असेल तर. जॉर्जिना बिनी-क्लार्क नावाची इंग्लिश बाई १९०५ मध्ये फोर्ट क्वापेलजवळ शेती करायला आली तर तिला ३२० एकर पैसे मोजून विकत घ्यावे लागले, १९०८ मध्ये तिने ऑटावाला जाऊन मंत्री फ्रँक ऑलिव्हरसमोर बायकांनाही होमस्टेड द्या म्हणून मागणी केली आणि ती नाकारली गेली. आमच्या माणसाने युद्धानंतर लग्न केलं, त्याची बायको होमस्टेड फाइलमध्ये कुठेही नाही. तिला शोधायला जनगणना लागली.

जनगणनेचे कागद फ्री आहेत आणि प्रेअरीसाठी बोनस म्हणजे १९०६, १९१६ आणि १९२६ ची जास्तीची जनगणना, म्हणजे दर पाच वर्षांनी माणूस दिसतो. १९०६ च्या फॉर्मवर तर घोडे, दुभत्या गायी, डुकरं सुद्धा मोजलेली आहेत. १९३१ ची जनगणना ९२ वर्षांच्या नियमाने २०२३ मध्ये खुली झाली, तिच्यात तो, बायको आणि मुलं एका घरात मिळाली.

पण त्याआधी युद्ध. पहिल्या महायुद्धातल्या कॅनेडियन सैनिकांच्या सहा लाखांवर फाइल्स स्कॅन करून फ्री ठेवल्यात, हे काम २०१८ मध्ये पूर्ण झालं, आणि क्वालिटी उत्तम आहे. कॅनडाच्या पहिल्या तुकडीत बहुसंख्य जन्माने ब्रिटिश होते, त्यामुळे इंग्लिश शेतकरी शोधत असाल तर इथे बघाच. भरतीच्या कागदावर व्यवसाय शेतकरी, जवळचं नातं म्हणून इंग्लंडमधली आई, उंची, छाती, डोळ्यांचा रंग, हातावर जुनी जखम. होमस्टेडच्या तक्त्यात जो फक्त एकरांचे आकडे होता त्याला एकदम शरीर आलं. पगार रोज १ डॉलर आणि वर १० सेंट भत्ता, त्यातला भाग दर महिन्याला आईला जातोय असं पगाराच्या कार्डावर आहे. तो युद्धावर गेला ते १९१५-१६ च्या हिवाळ्यात, आणि १९१६ च्या उन्हाळ्यात इथे गव्हावर तांबेरा असा पडला की उभं पीक गेलं, त्यामुळे त्याची जमीन त्या वर्षी कोणी कसत असेल तर त्याच्या हाती फार काही लागलं नसेल. फुप्फुसाच्या त्रासाची नोंद घेऊन तो परत आला. हा त्रास लक्षात ठेवा, शेवटी तोच येतो.

१९२० च्या दशकाबद्दल फार लिहीत नाही, बरे दिवस होते, त्याने लाकडी घर बांधलं, गावच्या इतिहासाच्या पुस्तकात फोटो आहे. अशी पुस्तकं इथे गावोगाव आहेत, १९८० मध्ये प्रांताला ७५ वर्षं झाली तेव्हा बऱ्याच गावांनी काढली, प्रत्येक कुटुंबाला एक-दोन पानं, लायब्ररीत मिळतात. कमिन्स कंपनीचे १९१७ ते १९३० मधले जमीनमालकांचे नकाशे पण बघा, क्वार्टरवर नाव छापलेलं दिसतं.

मग तीसचं दशक. डिसेंबर १९३२ मध्ये उत्तम प्रतीच्या गव्हाला बुशेलमागे (बुशेल म्हणजे धान्याचं माप, गव्हाचं साधारण २७ किलो) ४० सेंटसुद्धा मिळत नव्हते, त्यातून रेल्वेभाडं गेलं की शेतकऱ्याच्या हातात काय राहणार. वर दुष्काळ, धूळ, टोळ. गाडीला पेट्रोल परवडेना म्हणून इंजिन काढून तिला घोडे जुंपायचे आणि पंतप्रधान बेनेटच्या नावाने बेनेट बगी म्हणायचे. १९३७ मध्ये तर सस्कॅचेवानात गव्हाचं सरासरी उत्पादन एकरी तीन बुशेलच्याही खाली गेलं, गावाकडचे दोन तृतीयांश लोक सरकारी मदतीवर होते, पूर्वेकडून रेल्वेने सफरचंदं आणि सुकवलेला कॉड मासा यायचा.

आमचा माणूस त्या दशकात गेला. त्याचा मृत्यू होमस्टेड फाइलमध्ये नाही, कारण पेटंट मिळालं की सरकारच्या दृष्टीने फाइल संपली. (पेटंटच्या आधीच माणूस गेला तर मात्र वारसांची पत्रं त्याच फाइलीत येतात.) मृत्यूसाठी ई-हेल्थ सस्कॅचेवानचा इंडेक्स आहे, ७० वर्षांपेक्षा जुने मृत्यू ऑनलाइन शोधता येतात आणि पैसे भरून कॉपी मागवता येते. कारण न्यूमोनिया. स्थानिक साप्ताहिकात चार ओळी: दीर्घ आजार, पत्नी आणि मुलं मागे, शेजाऱ्यांनी खांदा दिला, शेजाऱ्यांची नावं. त्या नावांत फुली मारून साक्ष देणाऱ्याचं आडनाव आहे, आता त्याचा मुलगा असेल.

आणि शेवटी सरोगेट कोर्टाची, म्हणजे मृत्युपत्रं आणि वारसा बघणाऱ्या कोर्टाची, इस्टेट फाइल. ही मागवताना मला वाटलं नव्हतं की इतकी हलवून टाकेल. मालमत्तेची यादी: क्वार्टर, घर, घोडे नावानिशी किमतीसकट, म्हातारे घोडे म्हणून किंमत अगदी कमी, नांगर, पेरणी यंत्र, एक गाडी चालत नसलेली. देणी: म्युनिसिपालिटीचा थकलेला कर, सीड ग्रेनचं कर्ज म्हणजे पेरायला दिलेल्या बियाण्याचे पैसे, दुकानदार, डॉक्टर. बेरीज-वजाबाकी केली की जवळपास काही उरत नाही. किराणा दुकानातून निघालेला माणूस आयुष्यभर राबून किराणा दुकानाचं देणं ठेवून गेला, आणि तरी ती जमीन त्याच्या बायकोने सोडली नाही, पुढच्या कागदांत ती तिच्या नावावर आहे. ज्या बाईला नवरा असेपर्यंत कायद्याने स्वतःच्या नावावर अर्ज करता आला नसता तिनेच ती टिकवली.

मृत्युपत्रांचं निघालंच आहे तर, इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ सस्कॅचेवानच्या लॉ कॉलेजात ट्रॅक्टरचं एक फेंडर म्हणजे चाकावरचा पत्रा ठेवलाय ते जाऊन बघा. ८ जून १९४८ ला रोझटाउनजवळ सेसिल जॉर्ज हॅरिस नावाचा शेतकरी स्वतःच्या ट्रॅक्टरखाली अडकला, तासन्‌तास, आणि खिशातल्या चाकूने त्याने फेंडरवर कोरलं की यात मी मेलो तर सगळं बायकोला. तो नंतर हॉस्पिटलमध्ये वारला आणि कोर्टाने ते कोरलेलं वाक्य मृत्युपत्र म्हणून मान्य केलं. इथल्या शेतकऱ्यांच्या मरणाबद्दल मी जे काही वाचलं त्यात याच्याइतकं थेट काही नाही.

आता सेवेबद्दल थोडं व्यवहाराचं. फाइल मागवायला इंडेक्समधला जमिनीचा पत्ता आणि फाइल नंबर द्यायचा, फी बदलत असते म्हणून साइटवर बघून घ्या, कॉपी ईमेलने आली, पानं सरळ आणि वाचता येण्याजोगी. उत्तर देणाऱ्या बाईंनी आपणहून सांगितलं की त्याने शेजारचा क्वार्टर प्रीएम्प्शनमध्ये, म्हणजे होमस्टेडला लागून असलेली जमीन विकत घ्यायच्या हक्काने, घेतलेला दिसतो, १९०८ नंतर ठराविक भागांत एकरी ३ डॉलरने घेता यायचा, आणि त्याची फाइल वेगळी आहे. हे त्यांनी सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं. हस्ताक्षर वाचायला त्रास होतो, सवय होईपर्यंत झूम करकरून वाचावं लागतं, आणि इंडेक्समध्ये आडनावांची स्पेलिंग कुठेही जाऊ शकतात म्हणून आडनावाने नाही मिळालं तर जमिनीवरून शोधा.

या सगळ्याच्या आधी मी एका पेड साइटची वर्षाची मेंबरशिप घेतली होती, नाव लिहीत नाही. जाहिरात अशी की पूर्ण आयुष्य एका क्लिकवर. प्रत्यक्षात जे कागद सरकारी साइटवर फ्री आहेत तेच फिरवून दाखवतात, होमस्टेड फाइल तर नाहीच, फक्त तिच्या इंडेक्सची ओळ, आणि आमच्या माणसाला त्यांनी त्याच नावाच्या ऑन्टेरिओतल्या दुसऱ्या माणसाशी जोडून त्याची भलतीच बायको दाखवली. मी तक्रार केली तर छापील उत्तर आलं. इंग्लंडमधून निघाल्याच्या याद्यांसाठी किंवा तिकडच्या जनगणनेसाठी पेड साइट लागू शकते, पण त्याआधी पब्लिक लायब्ररीत विचारा, बऱ्याच लायब्ररींमध्ये अशा साइट्स तिथे बसून फुकट वापरता येतात.

आल्बर्टामध्ये शोधत असाल तर तिथल्या होमस्टेड फाइल्स स्कॅन होऊन इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, मायक्रोफिल्मच्या रीलमध्ये चाळत जावं लागतं पण पैसे लागत नाहीत.

माझ्याकडून पाचपैकी पाच, आणि हे मी सहज देत नाही. मी आता त्या फुली मारणाऱ्या शेजाऱ्याच्या क्वार्टरची फाइल मागवलीय, साक्षीच्या कागदावर त्याच्या जमिनीचा पत्ता होताच. ती आली की त्याच्या साक्षीला कोण गेलं होतं ते पहिलं बघणार आहे, मिळालं की इथेच खाली लिहीन.